मौनाला संस्कार म्हणू नका

२००७ साली किशोरावस्था शिक्षणाचा केंद्रीय कार्यक्रम महाराष्ट्राने शाळांतून थांबवला, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी समाधानाचा निःश्वास सोडला. त्यातील चित्रे वर्गात दाखवण्याजोगी नाहीत, हा आक्षेप समजण्यासारखा होता. परंतु चित्रे गेली. त्यांच्या जागी आपण काय ठेवले? पहिल्या पाळीने भेदरलेल्या मुलीशी बोलणार कोण?

आईने बोलावे, असे आपण मोठ्या तोऱ्यात सांगतो. आईला तरी कोणी सांगितले होते? डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता आणि त्यापूर्वी तशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के! अंगावरून पांढरे जाते हे नवऱ्यापासूनही लपवणारी माउली लेकीला काय सांगणार?

परका अभ्यासक्रम नको ना? मग आपल्या मातीतला मार्ग अहिल्यानगर जिल्ह्यातच आहे. अहिल्यादेवींचे जन्मगाव चौंडी ज्या जामखेड तालुक्यात आहे, तेथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प आरंभला. गावाने निवडलेल्या, बहुतांशी निरक्षर, कित्येक दलित वस्तीतल्या बाया आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. जामखेडला येऊन शिकायचे आणि गावी परतून तेच आपल्या बोलीत सांगायचे, हा त्यांचा परिपाठ. जिने गावातली बाळंतपणे केली, तिच्या तोंडी पाळी, गर्भधारणा, पाळणा लांबवणे हे शब्द कोणाला अश्लील वाटले नाहीत. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण पुढे किती तालुक्यांनी हा धडा गिरवला?

‘माहिती दिली की मुली बिघडतात’ हा युक्तिवाद तर आता हास्यास्पद झाला आहे. घरातल्या मोबाईलवर जे दिसते, ते कोणत्या संस्कारात बसते? तेथे सर्व काही आहे, फक्त खरी माहिती नाही. (शहरी तज्ज्ञांची इंग्रजाळलेली व्याख्यानेही या मुलींच्या कामाची नाहीत, हेही खरेच.)

ऊसतोडीला जाणारे आईबाप मुलीला एकटी कोठे ठेवायची, या धास्तीने तिचे लग्न उरकतात. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा कागदावर राहतो. आपल्या शरीराविषयी अवाक्षर ठाऊक नसलेली पोर सासरी जाते.

आशा कार्यकर्त्या आज गावोगावी आहेत. त्यांना महिन्यातून एक तास मुलींच्या वर्गात येऊ देण्यास जे मुख्याध्यापक आणि पालक संकोचतात, त्यांनी आठवीनंतर पटावरून नाव कमी झालेल्या मुलींची यादी काढावी आणि त्यांतल्या कितीजणींच्या कडेवर आज मूल आहे, ते मोजावे.