बोडीतले यंत्र आणि दुकानदाराचे ‘उद्या या’



आपल्या भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नाही. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’चे बोलता बोलता ‘मामा तलाव’ झाले. मामा तलाव नसला तर निदान बोडी असतेच. पूर्वी या पाण्यावर धान पिकवायचा आणि जमले तर मासे धरायचे, एवढाच कारभार होता. आता बोडीत आणि शेततळ्यात रोहू, कटला, मृगळाची बोटुकली विकत आणून सोडतात. त्यासोबत यंत्रेही आली. पंप आला, तळ्यात अंथरायचा जाड प्लास्टिक कागद आला आणि पाण्यात हवा खेळवणारे पंख्याचे यंत्र आले, ज्याला एअरेटर म्हणतात. यातला बहुतेक पैसा मजुरीतून वाचवलेला किंवा बचत गटाकडून उचललेला असतो.

धानाचा पंप बंद पडला तर शेजाऱ्याचा मागून दोन दिवस ढकलता येतात. एअरेटरचे तसे नाही. दिवसा पाण्यातले शेवाळ प्राणवायू तयार करते. रात्री तेच शेवाळ आणि मासे दोघेही तो वापरतात. म्हणून पहाटे पाण्यात प्राणवायू सर्वात कमी असतो. उन्हाळ्यात पाणी आटलेले, मासे दाटीने भरलेले, त्यात ढगाळ दिवस गेला की मासे पहाटे वर येऊन तोंड उघडतात. त्या वेळी यंत्र बंद असेल तर सकाळी पांढरी पोटे तरंगताना दिसतात. वर्षाची कमाई एका रात्रीत जाते.

साकोलीकडच्या एक ताई आणि त्यांचे घरधनी असेच कागद घेऊन माझ्याकडे आले होते. गटाच्या कर्जातून एकतीस हजारांचा एअरेटर घेतलेला. एकोणीस दिवस चालला आणि मोटारीत पाणी शिरून बसला. दुकान शहरात. पहिल्या खेपेला दुकानदार म्हणाला, कंपनीचा माणूस येईल. दुसऱ्या खेपेला म्हणाला, कंपनीले पाठवा लागते जी, उद्या या. तिसऱ्या खेपेला दोष गावच्या लाईटवर टाकला. चौथ्या खेपेला बिलाच्या तळाशी बोट ठेवले. तिथे छापले होते, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ चार खेपांत चार रोज बुडाले आणि दोघांचे बसभाडे गेले. माझ्या मते अशा दुकानदाराचा सारा भरवसा यावरच असतो. आपली बाजू खरी आहे की नाही याची त्याला फिकीर नसते. गरीब माणूस पाचव्यांदा येणार नाही, एवढे त्याला ठाऊक असते.

पण या ताईंजवळ पक्के बिल होते. ‘बिल नको असेल तर दोन हजार कमी करतो’ असे दुकानदाराने म्हटलेही होते. गटाच्या वहीला बिल लावावेच लागते म्हणून ताई अडून बसल्या होत्या. ते दोन हजार वाचवले असते तर पुढचे काहीच करता आले नसते. कच्च्या चिठ्ठीवर ना तारीख, ना यंत्राचा नंबर, ना दुकानाचे नाव.

आता त्या छापील ओळीचे बघू. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. सदोष माल परत घेऊन पैसे परत करण्यास नकार देणे, ही या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार पद्धत आहे. बिलावर मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत आणि नसेल तर तीस दिवसांत दुकानदाराने हे करायला हवे. बिल न देणे हेही त्याच यादीत येते. म्हणजे रंग आवडला नाही म्हणून परत आणलेल्या वस्तूला ती ओळ लावता येईल, बिघडलेल्या यंत्राला नाही.

‘तुम्ही मासे विकता, म्हणजे तुम्ही व्यापारी, ग्राहक कायदा तुम्हाला नाही,’ असेही या ताईंना ऐकवण्यात आले. हे अर्धसत्य आहे. व्यापारासाठी घेतलेला माल कायद्याबाहेर आहे खरा. पण स्वतःच्या हाताने काम करून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्याला अपवाद आहे. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वतः चालवायला ऑटोरिक्षा घेणाऱ्याचे उदाहरण देऊन हे स्पष्ट केले आहे. मग स्वतःच्या बोडीवर राबणारे कुटुंब ग्राहक का नाही? अर्जात मात्र हे लिहायला विसरू नका की यंत्र उपजीविकेसाठी घेतले आणि आम्ही स्वतःच चालवतो.

लाईटच्या बहाण्यालाही उत्तर आहे. त्याच तारेवर गावची चक्की आणि चार पंप चालतात, हे त्यांच्या मालकांकडून लिहून घ्यावे. विकताना वेगळा स्टार्टर लावायला सांगितले होते का, हे वॉरंटी कार्डावर पाहावे. आणि गावच्या मिस्त्रीकडून यंत्र खोलू नये. खोलले की दुकानदार म्हणतो, तुम्हीच बिघडवले. न खोललेले यंत्र आयोगाला प्रयोगशाळेत तपासून घेता येते.

आम्ही त्या दिवशी एक पानी पत्र लिहिले. त्यात खरेदीची तारीख, बिल क्रमांक, यंत्र बंद पडल्याची तारीख, चारही खेपांच्या तारखा आणि पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत करण्याची मागणी होती. दुकानदार आणि यंत्र बनवणारी कंपनी, दोघांनाही ते स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवले. (रजिस्टर पोस्ट आता वेगळे राहिले नाही, २०२५ मध्ये ते स्पीड पोस्टातच विलीन झाले.) तोंडी भांडणाचा पुरावा उरत नाही, पोचपावतीचा उरतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाईन हुकूम देत नाही, पण कंपनीच्या वरच्या माणसापर्यंत गोष्ट पोहोचवते.

एवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दुकान कुठल्याही शहरात असो, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही सवलत गरिबाच्या फार उपयोगाची आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची आहे. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात. आयोग किंमत व्याजासह परत करायला लावू शकतो, वर नुकसानभरपाईही देऊ शकतो. निकालासाठी कायद्याने तीन महिने सांगितले आहेत आणि तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे आधीच सांगून ठेवतो.

मासे मेले असतील तर त्याची भरपाई आपोआप मिळत नाही. बोटुकलीची पावती, मेलेल्या माशांचे तारखेसह फोटो आणि त्याच दिवशी ग्रामपंचायतीत किंवा मत्स्य विभागात दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत हवी. त्या सकाळी अर्ज सुचणे कठीण असते, हे मलाही कळते. म्हणून हे काम घरातल्या शिकत्या मुलावर सोपवावे.

ताईंच्या बाबतीत आयोगापर्यंत जावे लागले नाही. पत्र पोचल्यावर नवव्या दिवशी दुकानदाराचा फोन आला. आधी दुरुस्ती, मग बदली यंत्र, शेवटी चेक, असे तो पायरीपायरीने उतरला. चेक देताना ‘आता माझी काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागू लागला. चेक वटायच्या आधी अशी सही द्यायची नसते. ताईंनी चेक घेतला, सही दिली नाही. सहाव्या दिवशी गटाच्या खात्यात एकतीस हजार जमा झाले. मग त्यांनी सही केली आणि त्या कागदाची एक प्रत मागून घेतली.