मोबाईलवरचा छळ : तक्रार ठाण्यापर्यंत का पोहोचत नाही?

पन्हाळा : कोरोनात शाळा बंद पडल्या आणि ऑनलाइन तासासाठी तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरही पोरांच्या हातात मोबाईल आला. शाळा परत भरल्या, मोबाईल मात्र हातातच राहिला. वर्गातली चिडवाचिडवी आता घंटा झाली म्हणून थांबत नाही, ती रात्री ग्रुपवर चालते. कुणाचा फोटो जोडून व्हिडिओ, कुणाच्या नावाने खोटं खातं, कुणाला जातीवरून टोमणे.

घरात कळलं की पहिलं वाक्य ठरलेलं, ‘पोलिसात कशाला, गावातच मिटवू.’ मिटतंही कधी कधी. पण मिटवताना मोबाईलमधलं सगळं डिलीट करायला लावतात, म्हणजे पुरावाच गेला. आणि मुलगी असली तर तिचं कॉलेज बंद. मग पोरं घरात सांगतीलच कशाला?

जळगावच्या डॉ. पायल तडवी मुंबईत नायर रुग्णालयात शिकत होत्या. वरिष्ठ डॉक्टर जातीवरून छळतात हे आधीच सांगितलं होतं, असं त्यांच्या आईचं म्हणणं. गुन्हा नोंद झाला तो २२ मे २०१९ रोजी पायल यांचा जीव गेल्यावर. त्यात महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदाही लागला. हा कायदा सांगतो की लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर तोही दोषी. शब्द ‘लेखी’ आहे. आपल्याकडे मात्र सरांना व्हरांड्यात गाठून सांगायची पद्धत.

ठाण्यात गेल्यावर मोठा गोंधळ होतो तो वयाचा. छळणारा १८ वर्षांखालचा असेल, सोबत कुणी सज्ञान नसेल आणि गुन्हा किमान सात वर्षे शिक्षेचा नसेल, तर बाल न्याय नियमांनुसार एफआयआर होत नाही. स्टेशन डायरीत नोंद होते, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. पालकांना वाटतं पोलिसांनी दाबलं. तसं नेहमी नसतं. पण नोंद झाली का, डायरीचा नंबर काय, हे तिथंच विचारून घ्यावं लागतं. शिवाय नुसता खवचट मेसेज हा आपोआप गुन्हा नाही, त्यासाठीचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच रद्द केलं. धमकी, पाठलाग, खोटं खातं, अश्लील फोटो यांना कलमं आहेत. असा फोटो १८ खालच्या मुलीचा असेल तर ‘बघा काय केलंय’ म्हणून पुढे पाठवणाराही अडकतो, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. स्क्रीनशॉट चॅटचा, नंबरचा, तारखेचा ठेवायचा.

मुलीला ठाण्यात बसवतील ही भीती खरी. पण पोक्सोचं प्रकरण असेल तर जबाब तिच्या घरी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता घ्यायचा असतो. नाव कुठं छापता येत नाही.

तालुका पन्हाळा, कोडोली, कळे अशा ठाण्यांत वाटलेला. बाजारभोगावचा मुलगा कोल्हापुरात शिकतो, छळणारा इचलकरंजीचा. मग हद्द कुणाची? १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता कुठल्याही ठाण्याने घ्यायची आहे. सायबरच्या राष्ट्रीय पोर्टलवर महिला-मुलांबाबतची तक्रार नाव न देताही करता येते, फक्त तिचं पुढे काय झालं ते मग बघता येत नाही. १९३० नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीचा. लहान मुलांसाठी १०९८.

आणि ठाण्याने खबर घेतलीच नाही तर तोच अर्ज पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवायची सोय कायद्यातच आहे. पोस्टाची पावती जपून ठेवायची.