घोडा, ट्रॅक्टर आणि वाढते ओझे

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात उन्हाळा सरत आला की काउंटीच्या जत्रांचा हंगाम सुरू होतो. काउंटी म्हणजे साधारणतः आपल्या तालुक्यासारखा प्रशासकीय घटक. ओहायो राज्यातील अशाच एका जत्रेत एक संपूर्ण दिवस घालविण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. गोठ्यांतून मुलांनी वाढविलेली वासरे व डुकरे, टेबलांवर मक्याची कणसे आणि मुरंब्याच्या बरण्या, एका कोपऱ्यात आकाशपाळणे, असा तो थाट होता. परंतु खरी गर्दी उसळली होती ती ओझे ओढण्याच्या शर्यतींना. दुपारी घोड्यांची शर्यत झाली आणि दिवस मावळल्यावर त्याच मैदानाशेजारी ट्रॅक्टरांची. प्रेक्षकांच्या दृष्टीने ही केवळ करमणूक होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास मात्र एका शतकाचा कृषि-इतिहास एकाच दिवसात डोळ्यांपुढून सरकल्यासारखे वाटले.

या जत्रांचा उगम करमणुकीत नाही, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथे एल्काना वॉटसन या गृहस्थांनी 1807 साली दोन मेरिनो मेंढ्या गावच्या चौकात लोकांना दाखविल्या. पाहण्यास जमलेली गर्दी पाहून त्यांनी शेतकऱ्यांचे प्रदर्शन भरविण्याची कल्पना उचलून धरली आणि 1811 साली बर्कशायर कृषि संस्था स्थापन झाली. उत्तम जनावरास बक्षीस द्यावे, म्हणजे शेजारचा शेतकरी ते पाहून शिकेल, हा त्यामागील हेतू होता. जत्रा ही शेतकऱ्यांची खुली शाळा होती.

घोड्यांच्या शर्यतीचे स्वरूप साधे आहे. बेल्जियन वा पर्शरॉन जातीच्या दोन धिप्पाड घोड्यांची जोडी वजन लादलेल्या, चाके नसलेल्या घसरगाडीस जुंपतात. कडी अडकल्याचा आवाज होताच घोडे झेपावतात आणि कडी अडकविणारे गडी चपळाईने बाजूस होतात. साडेसत्तावीस फूट ओढले की फेरी पुरी. प्रत्येक फेरीस वजन वाढते आणि अखेरीस एकच जोडी उरते. ही शर्यत फार पुरातन असेल असा आपला समज होतो. जड दगड ओढविण्याची हौस जुनी आहे यात शंका नाही. पण मोजमापाच्या नियमांनी बांधलेली ही स्पर्धा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात फोफावली. आयोवा राज्याच्या कृषि महाविद्यालयात 1923 च्या सुमारास घोड्यांची ओढण्याची शक्ती मोजणारे यंत्र तयार झाले. ट्रॅक्टर त्या वेळी शेताच्या बांधावर येऊन ठेपला होता आणि घोड्यांच्या पैदाशीवर ज्यांचे पोट होते ती मंडळी घोड्याचे सामर्थ्य जगास पटवून देण्याच्या खटपटीत होती. म्हणजेच घोड्याच्या शक्तीचा हा जाहीर गौरव नेमका त्याच्या पराभवाच्या उंबरठ्यावर सुरू झाला.

तो पराभव निर्णायक होता. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत घोडे व खेचरे मिळून अडीच कोटींहून अधिक होती. 1960 पर्यंत ती जेमतेम 30 लाख उरली. शेतावरील ट्रॅक्टरांची संख्या 1954 मध्ये घोडे व खेचरे यांच्या संख्येस प्रथमच मागे टाकून पुढे गेली. यात लाभ झालाच नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पिकाखालील जमिनीचा सुमारे पाचवा हिस्सा पूर्वी या जनावरांच्या वैरणीसाठी खर्ची पडत असे. तो माणसांच्या अन्नासाठी आणि बाजारासाठी मोकळा झाला. कष्ट कमी झाले, धान्य स्वस्त झाले. प्रश्न एवढाच की, हा लाभ पडला कोणाच्या पदरात?

याचे उत्तर ट्रॅक्टरांच्या शर्यतीत सापडते. या शर्यती 1929 पासून ओहायो व मिसूरी या राज्यांत झाल्याची नोंद आहे आणि 1969 मध्ये नियम एकसारखे करण्यासाठी राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आरंभी शेतकरी आपला रोजचाच ट्रॅक्टर घेऊन येई. आज तेथे धुराचे लोट सोडणारी, केवळ शर्यतीसाठी घडविलेली यंत्रे दिसतात. पण खरी मेख आहे ती ट्रॅक्टरामागील गाडीत. ट्रॅक्टर जसजसा पुढे जातो तसतशी गाडीवरील वजनाची पेटी मागून पुढे सरकत येते, गाडीचे नाक जमिनीत अधिकाधिक रुतते आणि ओढ वाढत जाते. जो जितका पुढे जाईल त्याच्यावर तितका भार अधिक. तीनशे फुटांची रेघ गाठण्यापूर्वीच बहुतेक यंत्रे गुरगुरत थांबतात.

अमेरिकी शेतकऱ्याची कथा याहून निराळी नाही. मिनेसोटा विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ विलार्ड कॉक्रेन यांनी 1958 साली ही प्रक्रिया उलगडून दाखविली. नवे यंत्र प्रथम घेणारा शेतकरी नफा कमावतो. त्याचे पाहून इतरही यंत्र घेतात. एकूण उत्पादन वाढते, भाव कोसळतात आणि नफा नाहीसा होतो. मागे राहिलेला शेतकरी जमीन विकतो, पुढे असलेला ती कर्ज काढून विकत घेतो व पुन्हा नव्या यंत्राकडे वळतो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर घाण्याचा बैल दिवसभर चालतो, पण कोठेच पोहोचत नाही. अमेरिकेत 1935 साली 68 लाख शेते होती. 2022 च्या कृषि-गणनेत ती 19 लाख उरली. सरासरी क्षेत्र जवळजवळ तिप्पट होऊन 463 एकरांवर गेले आणि शेती करणाऱ्याचे सरासरी वय 58 वर्षांवर.

भार वाढला की काय होते याचा अनुभव त्या देशाने घेतला आहे. निर्यातीच्या आशेवर 1970 च्या दशकात शेतकऱ्यांनी जमिनी व यंत्रे कर्जावर घेतली. पुढे व्याजाचे दर कडाडले, 1980 च्या जानेवारीत सोव्हिएत संघास धान्य विकण्यावर निर्बंध आले आणि आयोवातील जमिनीची किंमत 1981 ते 1986 या काळात 60 टक्क्यांहून अधिक घसरली. त्याआधीच, 1979 मध्ये, रास्त भावासाठी शेतकऱ्यांनी आपले ट्रॅक्टर थेट वॉशिंग्टनच्या रस्त्यांवर नेले होते. दिल्लीत 26 जानेवारी 2021 रोजी निघालेला ट्रॅक्टर मोर्चा आठवला की, दोन्ही देशांत या यंत्रास नांगराखेरीज आणखी एक काम लागले आहे, हे ध्यानात येते.

अलीकडचे चित्रही फारसे वेगळे नाही. चीनबरोबरच्या आयात-शुल्कयुद्धामुळे 2018 व 2019 या दोन वर्षांसाठी मिळून 28 अब्ज डॉलरपर्यंत मदत सरकारला जाहीर करावी लागली. चीनने 2025 मध्ये मे महिन्यापासून काही महिने अमेरिकी सोयाबीनची नवी खरेदी जवळजवळ थांबविली आणि डिसेंबरात पुन्हा 12 अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. मैदानावर स्वावलंबनाची मूर्ती म्हणून मिरविणारा शेतकरी जमाखर्चाच्या वहीत मात्र राजधानीच्या कृपेवर अवलंबून आहे.

आणखी एक विसंगती नोंदविण्याजोगी आहे. शर्यतीत उतरणारा माणूस आपल्या यंत्राचा प्रत्येक स्क्रू स्वतः पिळतो. तेच त्याच्या अभिमानाचे कारण असते. पण शेतावरील नव्या ट्रॅक्टरात संगणक आला आणि त्याची कुलपे कारखानदाराच्या हाती गेली. स्वतःचे यंत्र स्वतः दुरुस्त करण्याच्या हक्कासाठी कायदा व्हावा लागला. शेतीयंत्रांसाठी असा कायदा कोलोरॅडोने 2023 मध्ये सर्वप्रथम केला. जॉन डियर या बलाढ्य कंपनीविरुद्ध केंद्रीय व्यापार आयोगाने जानेवारी 2025 मध्ये याच प्रश्नावर दावा दाखल केला. घोड्याचा मालक निदान घोड्याचा मालक तरी होता!

मग पुन्हा घोड्याकडे वळावे काय? ओहायोतीलच आमिश पंथाचे लोक आजही घोड्यांनी शेत नांगरतात. त्यांचा भांडवली खर्च कमी राहतो, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. परंतु त्यामागे त्यांच्या धर्माची व समाजजीवनाची शिस्त उभी आहे. ती इतरांवर लादता येणार नाही आणि लादण्याचे कारणही नाही. यंत्र वाईट नाही. यंत्राच्या मागे बांधलेल्या कर्जाचा, भावाचा आणि मालकीचा हिशेब कोणी मांडत नाही, हे वाईट आहे.

आपल्याकडे बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये बंदी घातली, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरविला. घाटात पुन्हा भंडारा उधळला गेला. त्या आनंदात उणे काढण्याचे कारण नाही. पण 2012 ते 2019 या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील बैल व इतर नर गोवंशाची संख्या सुमारे 30 टक्क्यांनी घटली, हेही त्याच वेळी आठवावे. शर्यतीतला बैल लाखांनी विकला जातो आणि नांगराचा बैल गोठ्यातून नाहीसा होतो. ओहायोत जे शंभर वर्षांपूर्वी सुरू झाले तेच येथे घडत आहे, आणि दोन-चार एकरांचा आपला शेतकरी ट्रॅक्टराचे हप्ते कोणत्या उत्पन्नातून भरणार, हा प्रश्न तिकडच्यापेक्षा कितीतरी बिकट आहे. भाड्याने यंत्र मिळण्याची गावोगावी सोय, सहकारी मालकी आणि पिकाला भरवशाचा भाव या तीन गोष्टींविना त्याच्यामागील गाडीची पेटी पुढे सरकतच राहील.

जत्रा संपली तेव्हा एक वृद्ध शेतकरी आपल्या नातवास खांद्यावर घेऊन घोड्यांच्या तंबूकडे चालला होता. ट्रॅक्टरांकडे त्याने वळूनही पाहिले नाही. घरी कदाचित त्याचे स्वतःचे दोन ट्रॅक्टर उभे असतील आणि त्यांचे हप्तेही.