चाई पडली, त्यात तिचा काय दोष?

बालमित्रांनो,

सातवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. ती लिहिते, "महिन्यापूर्वी मला फ्लू झाला होता. आता डोक्यावर रुपयाएवढी जागा अगदी गुळगुळीत झाली आहे. आजी म्हणते, किड्यानं केस खाल्ले. वर्गात माझ्या शेजारी कुणी बसत नाही."

याला म्हणतात चाई. आणि किडा-बिडा काही नसतो बरं का! मग केस जातात कुठे?

विषाणू शरीरात शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याच्याशी लढतात. एरवी त्या केसांच्या मुळांच्या वाटेला जात नाहीत. पण कधीकधी त्यांची गफलत होते आणि शत्रू समजून त्या मुळांनाच घेरतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दृश्य मधमाश्यांच्या मोहोळासारखं दिसतं! आपल्याच रखवालदारांनी आपल्यावर केलेल्या अशा हल्ल्याला 'स्वयंप्रतिकार विकार' म्हणतात. काहींना चाई ताप येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी पडते, काहींना काहीच निमित्त सापडत नाही. आनुवंशिकतेचाही त्यात वाटा असतो. १०० माणसांतल्या साधारण २ जणांना आयुष्यात कधीतरी चाई पडते.

आता आनंदाची गोष्ट. मूळ घेरलं जातं, पण मरत नाही. त्यामुळे लहानशा चाईवर बहुतेकदा वर्षभरात केस पुन्हा उगवतात. पहिले केस पांढरे आले तरी घाबरू नका, बहुधा पुढे त्यांना रंग येतो. काहींना मात्र चाई पुन्हा पडते, वाढतेही. त्यासाठी मलमं, इंजेक्शनं आहेत. चाई फार पसरली असेल तर गोळ्याही आहेत. १२ वर्षांपुढच्या मुलांना चालणाऱ्या अशा एका गोळीला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली.

आईबाबांनो, चाईवर गुंज उगाळून लावू नका, गुंज विषारी असते. डोक्यावर नायटा झाला तरी केस जातात आणि तो मात्र संसर्गजन्य असतो. म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि दोस्तांनो, चाई कुणापासून कुणाला होत नाही. शेजारी बसून नाही, एकमेकांची टोपी घालून नाही, डबा वाटून खाऊन तर नाहीच नाही! तुमच्या वर्गात अशी कुणी मैत्रीण असेल, तर उद्या तिच्या शेजारची जागा कोण पटकावणार?

तुमची,
डॉक्टरकाकू