बोटाचा भाव आणि हाताचे काम

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांतून स्टेनलेस स्टीलची भांडी दूरदूरच्या बाजारांत जातात. पत्र्याला ताटलीचा, डब्याचा आकार पॉवर प्रेस देते आणि त्या प्रेसच्या जबड्यात पत्रा सरकवणारा हात कामगाराचा असतो. साच्यापुढे संरक्षक जाळी बसवली तर नग कमी निघतात, म्हणून ती काढून ठेवली जाते. नगावर मजुरी घेणारा कामगार पुष्कळदा स्वतःच ती काढतो, आणि मालकाची वकिली करणारे नेमके एवढे सांगून थांबतात. बोट सांभाळणे परवडू नये असा मजुरीचा दर कोणी ठरवला, हे विचारले जात नाही.

बोट गेल्यानंतरचा हिशेब मात्र कायद्याने बारकाईने मांडला आहे. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण तर्जनी 14 टक्के, तिची दोन पेरे 11, एक पेर 9, अंगठा 30, एका हाताची चारही बोटे 50 असे कोष्टकच आहे. 2020 साली हिशेबासाठी मासिक वेतनाची मर्यादा 15,000 रुपये झाली. त्या दराने तीस वर्षांच्या कामगाराची तर्जनी सुमारे 2,62,055 रुपयांची भरते. 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने हा कायदा पोटात घेतला, पण टक्केवारीची रीत तीच राहिली.

ही रक्कम पदरात पडणे हाच मोठा लढा आहे, यात शंका नाही. परंतु कामगार संघटनांचेही लक्ष या कोष्टकावरच खिळून राहिले आणि तुटलेल्या बोटाशेजारचा वाचलेला हात हिशेबाबाहेर पडला. शिवलेली कंडरा निश्चल राहिली तर आसपासच्या मांसाला चिकटते, सांधे आखडतात, मूठ वळत नाही. जाणकाराच्या देखरेखीखाली बोटांची हालचाल वेळेवर सुरू झाली आणि साधारण तीन महिने नेमाने चालली, तर पकड बऱ्याच अंशी परत येऊ शकते. व्यायामोपचार, ज्याला सर्वजण फिजिओथेरपी म्हणतात, ती श्रीमंतांच्या कंबरदुखीची चैन नव्हे. मुंबईत हाजी अलीला अशा पुनर्वसनासाठी केंद्र सरकारची संस्था 1955 पासून उभी आहे. पण पट्टी बांधलेला हात सांभाळत भाईंदरहून रोज गर्दीच्या लोकलने तिथवर, किंवा कांदिवलीच्या राज्य विमा रुग्णालयापर्यंत जाणार कोण, आणि त्या दिवसाची मजुरी देणार कोण?

कायद्यात याची वाट नाही असे नव्हे. 2009 च्या दुरुस्तीने उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकावर टाकला. व्यायामोपचार हा उपचारच आहे. त्याची बिले दाव्याला जोडण्याची सवय मात्र हवी. राज्य विम्यात नोंद असलेल्या कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी वेतनाच्या 90 टक्के मिळतात. नोंद नसलेल्याला भरपाईच्या कायद्याने निम्मे. म्हणूनच दहाच्या आत राहण्यासाठी एकच गाळा कागदावर दोन नावांनी चालवला जातो, तेव्हा ती केवळ हिशेबातील चलाखी नसते. जखमी हाताच्या उपचाराचे दिवसच त्यातून कापले जातात.

1975 साली सर्वोच्च न्यायालयाने ओरिसातील एका सुताराच्या खटल्यात कोष्टकापलीकडे पाहिले. चित्रपटगृहात काम करताना पडून त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, सबब त्याचे अपंगत्व संपूर्ण, असा निर्णय झाला. अवयव किती उरला यापेक्षा काम किती उरले, ही ती कसोटी. प्रेसवरच्या आखडलेल्या हातालाही तीच लावली पाहिजे.

त्यासाठी कार्यकर्त्याने अपघाताच्या दिवशीच पोहोचले पाहिजे. हजार-दोन हजार रुपये आणि ‘काही तक्रार नाही’ असा सहीचा कागद, ही या धंद्यातील जुनी रीत. भरपाईचा हक्क असा लिहून देता येत नाही, तसा करार कायद्यानेच रद्दबातल आहे. हे परप्रांतातून आलेल्या, हजेरीपटावर नाव नसलेल्या मुलाला त्याच्या भाषेत सांगणारे कोणी तिथे हवे. आणि मीरा-भाईंदर महानगरपालिकेकडे मागणी हवी ती औद्योगिक वसाहतीजवळच, पाळी सुटल्यानंतरच्या वेळेत उघडे राहणारे व्यायामोपचार केंद्र चालवण्याची.