लैंगिक शिक्षण : वर्गात मौन, बाजाराला मोकळे रान

एड्स-प्रतिबंधाच्या निमित्ताने शाळांत आलेला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम २००७ साली गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक, महाराष्ट्र आदी राज्यांनी संस्कृतिरक्षणाच्या नावाखाली रोखला. पक्ष निराळे, सूर मात्र एकच! र. धों. कर्वे यांनी ज्या भूमीत १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत खटले सोसून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, त्या भूमीनेही यात मागे राहू नये, हा दैवदुर्विलास. २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीनेही असे शिक्षण देशाच्या परंपरेत बसत नसल्याचा निर्वाळा दिला.

परंतु शाळेने तोंड मिटले म्हणून मुलांचे कुतूहल थोडेच मिटते? २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि ज्या शासनव्यवस्थेला पाठ्यपुस्तकातील शरीररचनेची चित्रे अश्लील वाटत होती, तिनेच अभ्यासासाठी विद्यार्थ्याच्या हाती मोबाईल ठेवावयास लावले. गिरणी-कारखान्यात वा शेतावर राबणाऱ्या आईबापांना त्या पडद्यावर पाळत ठेवण्यास सवड कोठली? बंदीचा उपाय तर केव्हाच फसला होता. २०१५ साली ८५७ अश्लील संकेतस्थळे बंद करण्याचा आदेश निघाला आणि काही दिवसांतच सैल झाला. २०१८ मध्ये पुन्हा ८२७ स्थळांवर बंदी आली. माल मात्र आडवाटांनी येतच राहिला, कारण त्यात नफा आहे.

या बाजारू ‘शिक्षणा’चा भार मुलगे व मुली यांच्यावर सारखा पडत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते, स्त्रियांपैकी अवघ्या ३३ टक्क्यांनी. एचआयव्हीविषयी पुरेसे ज्ञान पुरुषांत सुमारे ३१, स्त्रियांत २२ टक्के. मुलगा स्त्रीदेहाच्या विटंबनेलाच प्रेम समजू लागतो. मुलीचे छायाचित्र त्याने मित्रांत फिरविले, की शाळा सुटते ती मुलीची, आणि कित्येकदा लग्नही उरकले जाते ते तिचेच. अठरा वर्षांखालील व्यक्तीचे असे चित्र बाळगणे वा पाठविणे गुन्हा ठरतो, हे त्या मुलाला कोणी सांगितलेलेच नसते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात हा गुन्हा अधोरेखित करतानाच सर्वंकष लैंगिक शिक्षणाची गरजही प्रतिपादली आहे.

कागदावर योजना नाही असे नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतील दोन शिक्षक प्रशिक्षित करावयाचे असून प्रजनन-आरोग्य आणि इंटरनेटचा सुरक्षित वापर हे दोन्ही विषय त्यात आहेत. पण पदे रिक्त, नेमणुका कंत्राटी, आणि आहे त्या शिक्षकाच्या पाठी निवडणुकीची व गणनेची कामे! अशा शिक्षकाने संमती, पाळी, गर्भनिरोध यांवर मोकळेपणाने बोलावे कसे आणि एखाद्या पालकाने वा संघटनेने गदारोळ केल्यास त्याच्या पाठीशी उभे कोणी राहावे? शिक्षक, विद्यार्थी व महिला संघटनांनी वेतनाच्या आणि शुल्काच्या प्रश्नांबरोबर हा प्रश्नही हाती घेतला पाहिजे : वेळापत्रकात निश्चित तास, मातृभाषेत पाठ, पूर्णवेळ नेमणुका आणि शिकविणाऱ्यास लेखी संरक्षण. पालकसभा प्रथम वस्त्यांत घ्याव्या लागतील. तेथे विरोध होईल, परंतु मुलीच्या सुरक्षिततेची बाब पुढे आली की ऐकून घेणाऱ्या आयाही तेथेच भेटतील.