इंटरनेटच्या रांगेतही आधी अत्यवस्थ रुग्ण

रुग्णालयातले इंटरनेट मंदावले की मागणी ठरलेली असते: मोठी लाइन घ्या. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडसारख्या उपनगरांतल्या गर्दीच्या रुग्णालयांत केसपेपरची नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, दूरवरच्या तज्ज्ञाचा सल्ला आणि नातेवाइकांचे मोबाइल एकाच जोडणीवर असतील, तर मोठी लाइनही भरायला वेळ लागत नाही. जागा मिळाली की व्हिडिओ आपला दर्जा वाढवतो आणि ती व्यापून टाकतो.

साधा हिशेब पाहा. सीटी स्कॅनच्या एका तपासणीच्या प्रतिमा 500 मेगाबाइट भरू शकतात. 100 एमबीपीएसची पूर्ण लाइन मिळाली, तर त्या 40 सेकंदांत तज्ज्ञापर्यंत पोहोचतात. वाट्याला 10 एमबीपीएसच आले, तर जवळपास 7 मिनिटे लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद होऊन झालेल्या पक्षाघातात उपचाराविना दर मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात. तिथे 7 मिनिटे ही थोडीथोडकी नव्हेत.

यावर ‘ट्रॅफिक शेपिंग’ हा उपाय आहे. राउटरला प्रत्येक कामाचा किमान वाटा, कमाल मर्यादा आणि अग्रक्रम ठरवून देता येतो. अपघात विभागाच्या प्रतिमा आधी जातात, सॉफ्टवेअरचे अपडेट आणि बॅकअप रात्रीवर ढकलता येतात. एखाद्याचा वाटा रिकामा असेल, तर तो तेवढ्यापुरता इतरांना मिळतो. अनेक राउटरमध्ये ही सोय आधीच असते, फक्त कोणी ती वापरत नाही.

मात्र याचा अर्थ नातेवाइकांचे वायफाय तोडणे नव्हे. गावाकडे व्हिडिओ कॉल करून ‘बाबा बरे आहेत’ सांगणे हीसुद्धा गरजच आहे. प्रत्येक मोबाइलला दोनेक एमबीपीएसची मर्यादा घातली, तरी ती भागते.

भेदभाव नको म्हणून 2018 मध्ये केंद्राने नेट न्यूट्रॅलिटीचे धोरण स्वीकारले. ते सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी आहे. संस्थेने स्वतःची लाइन शिस्तीने वापरण्याला त्याची आडकाठी नाही. पण अग्रक्रम ठरवणे हे एकट्या तंत्रज्ञाचे काम नाही. डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांनी मिळून तो लेखी ठरवावा, दर सहा महिन्यांनी तपासावा. त्या यादीत अधिष्ठात्यांच्या दालनाआधी अपघात विभागाचे नाव असावे. नवी लाइन घ्यायची की नाही, ते त्यानंतर पाहावे.